शिवणीतली माया

दुकान बंद झाल्यावर फिओना हेग आली,
एका हातात आखूड करायची पँट, दुसऱ्या हातात फॉर्म.
प्रश्न सातवा:
तुमच्या गुंतवणुकीची किंमत वर्षभरात वीस टक्क्यांनी घसरली
तर तुम्ही काय कराल?
खाली पाच चौकोन.
दातांत टाचण्या नसताना
इतका वेळ गप्प बसायची मला सवय नाही.

हडर्सफील्डात, स्टेशनकडून वर येणाऱ्या चढावर
अठरा वर्षं माझं दुकान आहे, पाच पावलं रुंद.
लोक तयार कपडे घेऊन येतात
आणि म्हणतात, नीट बसत नाही.
बारा नंबर, चौदा नंबर,
कुणीतरी कुठेतरी ठरवलेली बाई
जिचे दोन्ही खांदे सारखे आहेत.
ती अजून माझ्या आरशासमोर उभी राहिलेली नाही.
फिओनाचाही डावा उतरता आहे.

श्रीरंगभावोजी मिल्टन कीन्सहून फोन करतात:
वहिनी, सगळे शेअरमध्ये घाला, वीस वर्षं वळून बघू नका.
त्यांचं खरं आहे. त्यांच्या मापाचं आहे.
दोन पगार, फिटलेलं घर, डॉक्टर मुलगी.
नव्वदीच्या मिसेस साइक्सना प्रीमियम बॉन्डचे पंचवीस पौंड लागले,
त्या टॉफीचा पुडा घेऊन आल्या,
म्हणाल्या, लव्ह, तूही घे थोडे.
त्यांचंही खरं.

दिगंबर गेल्यावर कारखान्याने पाठवलेले ब्याऐंशी हजार
अकरा महिने बँकेत पडून आहेत,
न उघडलेल्या ताग्यासारखे.
कात्री लावायचा धीर होत नाही.
कापलं की कापलं.

प्रश्न नववा: हे पैसे किती वर्षांनी लागतील?
पाच. दहा. पंधरा. त्याहून जास्त.
मागच्या खोलीत निहार बटणं लावतोय,
मोठ्याकडून लहानाकडे, निळ्यातून करड्याकडे,
चार भोकांची वेगळी, दोन भोकांची वेगळी.
सव्वीस वर्षांचा आहे.
गिऱ्हाईक आलं की कान झाकतो,
फक्त मिसेस साइक्स आल्या की झाकत नाही.
मी छप्पन्न.
ती वजाबाकी मी रोज करते,
मशीनवर झाकण घालताना.

फिओना, म्हटलं, असा एखादा चौकोन आहे का
जिथं लिहिता येईल,
मी नसेन तिथून पुढे?

तिनं पेनला टोपण लावलं.
म्हणाली, फॉर्म राहू दे. त्याच्याबद्दल सांगा.

मिरजेच्या शिवणक्लासात कदमबाई ओरडायच्या,
माया सोडा गं पोरींनो,
अंग वाढतं, कापड वाढत नाही!
हे फिओनाला इंग्रजीत सांगता येईना.
शिवणीत दडवलेल्या त्या दोन बोटांना इथंही शब्द आहे,
पण त्यात पैसा नाही, आणि जीवही नाही.

मग आम्ही बेतायला बसलो.
थोडं हाताशी: बॉयलर बिघडला तर, मशीनची मोटर जळाली तर.
थोडं सरकारी रोख्यांत,
माझे डोळे सुईत दोरा ओवेनासे होतील त्या वर्षासाठी.
आणि मोठा तुकडा लांबच्या वाटेला, शेअरमध्येच,
वकिलाकडून ट्रस्ट करून, निहारसाठी,
त्याच्या हातात एकदम न पडणारा.
तो चढू दे, पडू दे.
निहारला कसलीच घाई नसते.

आणि सातवा प्रश्न?
रडेन, पण विकणार नाही.
असा चौकोन नव्हता. तिनं समासात लिहून घेतलं,
आणि पँट विसरून गेली.

दिवे घालवायला मागे गेले.
सगळ्या ओळी पूर्ण झालेल्या,
एक करडं बटण मात्र बाजूला, एकटं.
हे कुठलं रे? विचारलं.
मान वर न करता म्हणाला,
जास्तीचं.